भंगारातून उडालेले विमान

दिल्लीस येणारा प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि वेळ उरलाच तर चांदणी चौकात चार जिन्नस खरेदी करून परततो. विमानाने येणारा तर पालमच्या बाजूसच उतरतो. परंतु तेथेच वायुसेनेच्या तळालगत एक संग्रहालय आहे, ही वार्ता फार थोड्यांच्या कानी गेलेली असते. भारतीय वायुसेनेने १९६७ साली स्थापन केलेल्या या संग्रहालयात जुनी विमाने जतन करून ठेविली आहेत.

जुन्या विमानांचा छंद आपल्याकडे अद्याप काहीसा विक्षिप्तच समजला जातो. विमानावरील क्रमांक टिपून घ्यावा आणि ते कोठे बांधले गेले, कोणत्या तुकडीत उडाले, शेवटी कोठे विसावले याचा माग काढीत बसावे, यात कसला आनंद, असे लोक विचारतात. असा माग काढण्याची माझीही एक वही आहे. ती घेऊनच मी पालमला गेलो.

हँगरमध्ये आरंभीच भेटते ते ‘वापिटी’. दोन मजली पंखांचे, कापड ताणून मढविलेले हे विमान आजच्या मुलांना पतंगाचे थोरले भावंड वाटावे! १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड येथे आपल्या वायुसेनेची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ अशी चार विमाने, ६ अधिकारी आणि १९ ‘हवाई सिपाही’ एवढाच संसार होता. त्या अधिकाऱ्यांपैकी सुब्रतो मुकर्जी हे १९५४ साली वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झाले. वापिटीची घडणही काटकसरीची होती. पहिल्या महायुद्धातील विमानांचे शिल्लक सुटे भाग वापरता यावेत, या हिशेबानेच त्याचा आराखडा आखला गेला होता.

जवळच जपानी ‘ओका’ आहे. ओका म्हणजे चेरीचा मोहोर. एवढे कोमल नाव ज्याला दिले, त्यात बसलेल्या वैमानिकाने परत यावयाचेच नव्हते. तेथे फार वेळ थांबवत नाही.

माझे पाऊल अडखळले ते बाहेर, उघड्यावर उभ्या असलेल्या ‘लिबरेटर’पाशी. चार इंजिनांचे आणि ११० फूट पंखविस्ताराचे हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाची पुष्कळ लिबरेटर विमाने कानपूरला येऊन पडली होती. अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या करारानुसार ती एकतर परत करावयाची किंवा निकामी करावयाची होती. दुसरा मार्ग पत्करला गेला. कोणाची अंगे यंत्राखाली चेचली, कोणाच्या इंजिनांत वाळू ओतली, आणि हे भंगार तसेच मागे सोडून मंडळी निघून गेली.

स्वतंत्र भारताला मात्र बॉम्बफेकी विमाने हवी होती, आणि नवी विकत घेण्याजोगा पैसा हाताशी नव्हता. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यातील कारागीर कानपूरला गेले. एकाचा पंखा, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे सुकाणू असे जुळवीत त्यांनी विमान केवळ बंगळूर गाठण्यापुरते उडण्यायोग्य करावयाचे, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते तेथवर न्यावयाचे! बंगळूरला मग त्याची खरी दुरुस्ती होई. सुमारे चाळीस विमाने अशी पुन्हा उभी राहिली. त्या प्रत्येक उड्डाणाच्या वेळी मुन्शींच्या घरच्या माणसांची काय अवस्था होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांनिशी पाचवी स्क्वाड्रन सिद्ध झाली. १९५१ साली पुण्यात सहाव्या स्क्वाड्रनने समुद्रावरील टेहळणीसाठी तीच विमाने स्वीकारली. त्या काळच्या पुणेकरांनी चार इंजिनांची ती घरघर खचित ऐकली असेल. इतरत्र लिबरेटर केव्हाच वितळविली गेली होती, पण आपल्याकडे ती १९६८ पर्यंत सेवेत होती.

आणि मग जगाला जाग आली. अमेरिकेतील टूसॉनच्या पिमा संग्रहालयाने १९६९ साली एक नेले. १९७४ साली ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयास एक भेट म्हणून गेले. ज्यांनी ती टाकून दिली, त्यांच्याच घरी ती आज मानाने उभी आहेत. कॅनडाने मात्र चोख सौदा केला. लिबरेटर नेले आणि मोबदल्यात ‘लायसँडर’ दिले. १९४२ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर क. कृ. मजुमदार यांच्या पहिल्या स्क्वाड्रनने, मुळात टेहळणीसाठी घडविलेल्या अशाच लायसँडरांना बॉम्ब टांगून जपानी तळांवर हल्ले चढविले होते. म्हणून तो सौदा मला तोट्याचा वाटत नाही.

पलीकडे ‘पॅकेट’ हे मालवाहू विमान आहे. हिमालयातील विरळ हवेत जोर मिळावा म्हणून आपल्या तंत्रज्ञांनी पॅकेट विमानांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसविले होते. १९६२ साली स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान सोळा हजार फुटांहून उंच अशा दौलत बेग ओल्डी येथे उतरविले.

निघताना मी पुन्हा लिबरेटरपाशी आलो. ऊनपावसाने त्याचा रंग विटला आहे, आणि त्याच्या डोक्यावर छप्पर असते तर बरे झाले असते. एक लहानगा आजोबांचा हात ओढून विचारीत होता, “हे अजून उडते का?” शेजारच्या धावपट्टीवरून तेवढ्यात एक प्रवासी विमान गर्जत उठले, आणि आजोबांचे उत्तर मला ऐकू आले नाही. मी वही उघडली आणि क्रमांकापुढे ‘कानपूर’ असे लिहिले.