दुरून घेतलेले दर्शन



२२ वेळा माउलींच्या पालखीबरोबर पायी चालल्यावर गेल्या आषाढात माझी वारी चुकली. लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला गेलो होतो. तिकडे आषाढात कडाक्याची थंडी. आळंदीहून पालखीने प्रस्थान ठेवले, तो दिवस मी खिडकीशी बसून काढला. बाळ मांडीवर आणि मन दिवेघाटात. माझी तगमग पाहून जावयांनी चार दिवसांसाठी एक घरगाडी भाड्याने आणली आणि म्हणाले, "आई, दिंडी नाही तर नाही, पण रोज मुक्काम तरी बदलेल. बाबा आहेतच गाडी चालवायला."

यांनी ३१ वर्षे एस.टी. चालवली. तिकडेही आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचे, त्यामुळे हे आनंदाने तयार झाले.

घरगाडी म्हणजे काय, हे वारकऱ्याला फार समजावून सांगायला नको. दिंडीचा ट्रक लहान करून त्यातच राहुटी बसवावी, तशी ती असते. पाण्याची टाकी, शेगडी, दोन माणसांची पथारी, सगळे आत. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आणि सांडपाणी, मैला नेमून दिलेल्या ठिकाणीच रिता करायचा. शिस्त मोठी चांगली. पाल ठोकणे आणि सकाळी आवरून वेळेत निघणे या दोन्ही गोष्टी मला वारीनेच शिकवल्या होत्या, त्यामुळे नवे काही वाटले नाही.

पहिला मुक्काम रोटोरुआला पडला. ऑकलंडपासून सुमारे २३० किलोमीटर. गावात शिरताच गंधकाचा वास आला. या साऱ्या पट्ट्यात जमिनीखाली आग आहे आणि इथली तळी ज्वालामुखीच्या उद्रेकांनी घडवली आहेत. गावातल्या एका बागेत कुंपणाआड चिखल रटरटत होता, वाफा निघत होत्या. तिथेच पाय शेकायला ऊन पाण्याचे हौद बांधलेले आहेत, तेही फुकट. आम्ही पाय सोडून बसलो. वारीत गावोगावची माणसे वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळतात, ते आठवले. मी यांना सहज म्हणाले, "तुमच्या पायांना कुठे ठाऊक आहे वारीचा शीण!" हे नुसते हसले.

माझ्या त्या बोलण्यात एक जुना काटा होता. हे कधीच माझ्याबरोबर चालले नाहीत. आषाढात पंढरपूरच्या जादा गाड्या निघत आणि यांची फेरी त्यावर लागे. ११ वर्षांपूर्वी द्वादशीला मला सणकून ताप भरला होता. बसस्थानकावर यांचीच गाडी लागली. गर्दीतून कशीबशी दारापर्यंत पोहोचले, तर हे म्हणाले, "गाडी भरली. तू मागच्या गाडीने ये." मागची गाडी पाच तासांनी मिळाली. ही गोष्ट मी दिंडीत, माहेरी, लेकीकडे हसत हसत सांगत आले. ऐकणारे हसत. माझ्या मनात मात्र ती कधी निवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तारावेरा सरोवराच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका उंचवट्यावरून दोन तळी दिसतात. एक निळे, तिकितापू. दुसरे हिरवे, रोतोकाकाही. निळ्या तळ्यात लोक पोहतात, नावा चालवतात. हिरवे तळे तिथल्या माओरी लोकांना पवित्र आहे, त्यात कोणी उतरायचे नाही. मी हिरमुसले. म्हटले, "एवढ्या लांब आलो आणि पाण्याला बोटही लावायचे नाही?" हे कठड्याशी उभे राहिले, चप्पल काढली आणि दुरूनच हात जोडले. म्हणाले, "मला सवय आहे गं. पंढरपुरात गाडी लावली की गावाच्या दिशेला हात जोडायचे आणि परतीची माणसे भरायची. कळस दिसला तर दिसला."

मी गप्प झाले. इतक्या वर्षांत हा माणूस दर वर्षी पंढरीला आला होता आणि एकदाही आत गेला नव्हता, हे मला माहीत होते. पण ते दुरून हात जोडत होते, हे माहीत नव्हते.

पुढे ते वैरोआ हे गाडले गेलेले गाव पाहिले. १० जून १८८६ च्या पहाटे तारावेराचा डोंगर फुटला. सुमारे १२० माणसे गेली. जगभरातून लोक पाहायला येत, ते गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांसारखे कुंड नाहीसे झाले. त्या रात्री सोफिया नावाच्या वाटाड्या बाईने आपल्या घरात साठाहून अधिक जणांना आसरा दिला आणि ते वाचले. राखेत गाडलेल्या घरांमधून चालताना मनात येत होते, वरून किती शांत होता हा डोंगर!

दशमीला तौपोला पोहोचलो. हे त्या देशातले सर्वांत मोठे सरोवर, ६१६ चौरस किलोमीटरचे. तेही ज्वालामुखीचेच मुख. शेवटचा मोठा उद्रेक सुमारे १८०० वर्षांपूर्वी झाला. रात्री टपावर पाऊस वाजत होता. मी शेगडी विझवली आणि ११ वर्षांत पहिल्यांदा यांना विचारले, "त्या दिवशी मला मागच्या गाडीने या असे का म्हणालात?"

हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकच जागा उरली होती. तुझ्या मागे एक लेकुरवाळी उभी होती, महिन्या-दीड महिन्याचे पोर घेऊन. तुला बसवले असते, तर मग पांडुरंगाला कुठल्या तोंडाने हात जोडले असते? गाडी वळेपर्यंत आरशात तुझ्याकडेच बघत होतो."

"मग सांगितले का नाहीत कधी?"

"तू विचारले कुठे?"

खरेच होते. सगळ्या गावाला सांगितले, यांना मात्र विचारले नाही. २२ वाऱ्या केल्या, पण "मी वारकरी आणि हे नुसते चालक" हा ताठा दर वर्षी बरोबर घेऊनच चालत होते. त्या रात्री मी यांच्या पायांवर डोके ठेवले. यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "अगं, झोप आता. उद्या एकादशी."

सकाळी आभाळ निवळले. सरोवरापलीकडे बर्फाचे डोंगर दिसत होते. काठावर राखाडी, हलके दगड पडले होते. एक उचलून मी पाण्यात टाकला, तर तो तरंगला! ज्वालामुखीतून निघालेला, आतून पोकळ झालेला दगड. इंद्रायणीत तरलेली तुकोबांची गाथा आठवली. आगीतून आणि पोकळ होऊन आल्याशिवाय दगडालाही तरता येत नाही.

तिकडे नऊ वाजत आले होते, म्हणजे पंढरीत पहाटेचे अडीच. महापूजेची वेळ. पंढरपूर कोणत्या दिशेला, ते यांनी सूर्य पाहून अंदाजाने ठरवले. चप्पल काढून दोघांनी हात जोडले. मग घरगाडीत साबुदाण्याची खिचडी केली.

चोखोबा महाद्वाराबाहेरच राहिले. त्यांची समाधी तिथेच आहे आणि आपण सगळे तिच्यापुढे डोके टेकवूनच आत जातो. हे मी किती कीर्तनांत ऐकले होते. माझ्या घरातले उंबऱ्याबाहेर उभे असलेले माणूस मात्र मला दिसले नव्हते.

आता हे निवृत्त आहेत. यंदा दोघे वारीला निघणार. पंढरीत पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत लागण्याआधी मला त्या बसस्थानकावर जायचे आहे. जिथून हे इतकी वर्षे हात जोडत आले, तिथून मलाही एकदा हात जोडायचे आहेत.