शिंपल्यांची किणकिण

दोस्तांनो, सुट्टीत दापोलीजवळच्या मुरुडला गेलात (जंजिऱ्याचं नव्हे बरं का, महर्षी कर्व्यांचं मुरुड!), तर ओहोटीच्या वेळी खाली मान घालून चाला. काही शिंपल्यांच्या टोकाशी वाटोळं भोक दिसेल, अगदी गिरमिटानं पाडल्यासारखं. ते पाडते एक शिकारी समुद्री गोगलगाय! ती शिंपल्याला बिलगते, आम्ल सोडून कवच मऊ करते, खरवडते आणि आतला जीव फस्त करते. तुमचं काम मात्र आयतंच झालं.

शंख मिळाला तर लगेच खिशात टाकू नका. तळहातावर धरून गप्प उभे राहा. पाय बाहेर आले, तर आत खेकडा आहे. त्याचं पोट मऊ असतं. दुसऱ्याचा रिकामा शंख हेच त्याचं घर. मग तो शंख कितीही देखणा असो, होता तिथंच ठेवायचा. जिवावर येतं, पण ठेवायचा!

भोकवाले शिंपले गोड्या पाण्यात धुऊन वाळवा. तंगुसात ओवून, वाहत आलेल्या काठीला माळा टांगा. झुळूक आली की एकमेकींवर आपटतील इतक्या जवळजवळ हं! जाड शिंपले खटखटतात, पातळ किणकिणतात.