सॉकेट बदलताना

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जुन्या संहितेतले काय राखायचे आणि काय बदलायचे, हा प्रश्न तेव्हापासून मराठीत आहे. बदलापूर गावातल्या आमच्या घरी तो व्हॉल्व्हच्या एका अ‍ॅम्प्लिफायरच्या निमित्ताने उभा राहिला. हवाईयन गिटारवर चित्रपटगीते वाजवणाऱ्या आमच्या दिवंगत काकांचा हा ठेवा. आतले डाखही त्यांच्याच हातचे. सारे काढून नवे बसवा, असे घरच्यांचे मत पडले. (येथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, ही दंतकथा मानली तर गावही त्यांच्याच बाजूचे!)

व्हॉल्व्ह झिजतो, म्हणून तो सॉकेटमध्ये खोचलेला असतो. सॉकेटने मात्र टिकावे अशी अपेक्षा असते. आमच्या यंत्रात शेवटी दोन ईएल 34 होते. या व्हॉल्व्हच्या तिसऱ्या पिनवर शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि शेजारची दुसरी पिन तापतारेची. पावसाळी दमट हवेत मधल्या बॅकेलाइटवर धूळ-ओल साचून ठिणगी उडाली, की तेथे कोळशाची रेघ उमटते. कोळसा वीजवाहक असल्याने पुढची ठिणगी तीच वाट धरते. एका सॉकेटवर अशी रेघ होती. ती पुसून भागत नाही. तेथे बदल अपरिहार्यच होता.

आम्ही चिनी मातीचे सॉकेट निवडले. ते जळत नाही, पण स्क्रू अधिक आवळला तर तडकते. बंद यंत्रातही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहतो. तो रोधातून उतरवून मीटरने खात्री केल्यावरच आत हात घातला. नव्या सॉकेटची खाच जुन्याच दिशेला ठेवली, म्हणून काकांच्या वायरी न वाढवता पुरल्या. डाख देताना एक निकामी व्हॉल्व्ह खोचून ठेवला, म्हणजे संपर्कपट्ट्या वाकड्या बसत नाहीत. खालून पाहताना पिना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजल्या तर सारा अन्वयच उलटा लागतो. तापतारेला 6.3 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन, ग्रिडपासून दूर, पेटीच्या कडेने नेल्या. नाहीतर गुणगुण थेट गाण्यात शिरते.

पुढच्या ईसीसी 83 चे सॉकेटही बदलण्याचा आग्रह झाला. त्याचे संपर्क केवळ सैल झाले होते. ते सुईने आवळले आणि सॉकेट तसेच ठेवले.