पांढरीची माती आणि स्लॅबची खडी

मी कॉन्व्हेंटवाली (शुद्धलेखनाची जबाबदारी संपादकांची!). ‘अ‍ॅग्रीगेट’ म्हणजे खडी एवढं माहीत होतं. पण ‘पांढरी’ म्हणजे काय, ते मागच्या उन्हाळ्यात निफाडला आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा कळलं.

सागवानी खांब आणि तुळया विकल्या गेल्या. जोत्याचे घडीव दगड नव्या कंपाउंडला लागले. आणि भिंतींची माती? ती न्यायला चक्क शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले! जुन्या घराची पांढरी माती शेतात खत म्हणून टाकतात. आठ दिवसांत जागा साफ.

उरली वाड्यापुढची आर.सी.सी. खोली, म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांची कर्तबगारी. सळई भंगारवाल्याने नेली. बाकीचं काय? मुकादम म्हणाले, “ताई, देऊ ओढ्यात टाकून.”

आता निफाड तालुक्यातला ओढा शेवटी जाणार कुठे? कादवेला नाहीतर गोदावरीला. दोघी भेटतात नांदूरमध्यमेश्वरला, जिथलं पक्षी अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. आणि गंमत बघा, त्याच दुपारी नव्या घरासाठी क्रशरवरून खडीचा डंपर आला! काँक्रीटमध्ये निम्म्याहून जास्त खडी-वाळूच असते. म्हणजे तिकडे डोंगर फोडायचा आणि इकडे तोच दगड ओढ्यात बुजवायचा.

मी लगेच लेक्चर सुरू केलं. मुकादमांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जुनी खडी पाणी लई पिते, ताई.” अगदी बरोबर! तिला जुना माल चिकटलेला असतो. म्हणूनच आय.एस. ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीटपासून केलेली अशी खडी एम-२५ पर्यंतच्या आर.सी.सी.त २० टक्के, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि एम-१५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. दिल्लीत बुराडीला २००९ साली असा प्लँट सुरूही झाला.

पण एक सांगते, याने सिमेंट वाचत नाही, आणि प्रदूषणात मोठा वाटा सिमेंटचाच. वाचतो तो डोंगर, ओढा आणि ट्रकचं डिझेल. राडारोडाच जर शंभर किलोमीटर न्यायचा असेल तर डिझेलही वाचत नाही! त्यामुळे मला वाटतं, मोठ्या शहरात भला मोठा प्लँट ठीक आहे. पण आमच्यासारख्या तालुक्याला फिरता छोटा जॉ क्रशर हवा.

तो काही आमच्याकडे नव्हता. शेवटी आजोबाच म्हणाले, “बागेच्या रस्त्यावर ट्रॅक्टर रुततो, तिथं टाका की!” मग घणाने फोडून तीन ट्रॉल्या द्राक्षबागेच्या रस्त्याला गेल्या, वरून मुरूम. टाइल्स, प्लास्टर आणि माती एकत्र झालेला ढीग मात्र अजून अंगणात आहे. तो निवडायला कोणीच तयार नाही.

मागची खोली दिवाळीनंतर पाडायचीय. आधी टाइल्स काढायच्या, मग विटा, मग स्लॅब, असं मुकादमांनी स्वतःहून कबूल केलंय.