बुटांच्या खोक्यातली कार्डे

प्रबंधासाठी केलेली माझी टिपणकार्डे गेली चौदा वर्षे बुटांच्या एका खोक्यात पडून आहेत. विषय होता एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके. नोंदणीची मुदत संपली, खोके मात्र कपाटावरच राहिले. मागच्या दिवाळीत संगणक-प्रणाली लिहिण्याचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या भाच्याने ते उघडले. "मावशी, ही कधी टेबलावर मांडून पाहिलीस का?" त्याने विचारले, आणि केंट बेक या अमेरिकन प्रणालीकाराचे एक पुस्तक माझ्यापाशी ठेवून गेला.

त्यातले निम्मे मला कळले नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण बेकच्या कारकिर्दीतही कार्डे आहेत, आणि माझे लक्ष तिथेच अडकले. १९८९ मध्ये त्याने व वॉर्ड कनिंगहॅमने एका निबंधात कार्डांची एक रीत मांडली. चार बाय सहा इंचांच्या कार्डावर प्रणालीच्या एका घटकाचे नाव, त्याच्या जबाबदाऱ्या आणि त्याचे सहकारी लिहायचे. कार्ड मुद्दामच लहान. मजकूर मावेना, तर त्या घटकावर भार जास्त झाला असे समजायचे. मग चारचौघांनी टेबलाभोवती बसून एकेक कार्ड हाती घ्यायचे आणि तो घटक आपणच असल्यासारखे बोलायचे. नाटकाच्या तालमीची आठवण व्हावी असाच हा प्रकार! आम्हांलाही एका कार्डावर एकच नोंद करण्याची शिस्त लावली होती. पण ती कार्डे दुसऱ्यासमोर मांडायची असतात, हे मात्र कुणी सांगितले नाही.

पुढे १९९६ मध्ये तो क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पात आला. गरजा कार्डांवर लिहिणे, चाचणी आधी आणि प्रणाली नंतर, एका यंत्रापुढे दोघांनी बसणे, ही पद्धत तिथे आकाराला आली. तिच्यावरचे 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग एक्स्प्लेन्ड' १९९९ मध्ये निघाले, आणि २००० च्या फेब्रुवारीत कंपनीने तो प्रकल्पच बंद केला. टीकाकार यावर बोट ठेवतात, ते मला रास्त वाटते. २००१ मध्ये सतरा जणांनी काढलेल्या 'अ‍ॅजाइल' जाहीरनाम्यावर त्याचे नाव पहिले आहे. अर्थात, ते वर्णानुक्रमाने! पुढे या शब्दाची शिबिरे आणि प्रमाणपत्रे झाली, त्याविषयी न बोललेलेच बरे.

मला अधिक मोलाची वाटते ती २००४ ची दुसरी आवृत्ती. सिंथिया अँड्रेस यांच्यासह त्याने ते पुस्तक जवळजवळ नव्याने लिहिले. संवाद, साधेपणा, प्रतिसाद व धैर्य या चार मूल्यांत 'आदर' या पाचव्याची भर पडली. गाजलेले पुस्तक आहे तसेच छापत राहणे सोपे होते. आपल्याकडे प्रस्तावना तेवढी नवी असते.

गेल्या रविवारी मी कार्डे जमिनीवर मांडली. एकाच मासिकाविषयी तीन वेगवेगळ्या वर्षी केलेल्या तीन नोंदी निघाल्या, आणि तिन्हींचा सूर वेगळा. विभागातल्या एका सहकारी बाईंना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी एक कार्ड उचलले, चष्मा वर केला आणि विचारले, "हे मत तुमचं, की कुठून घेतलेलं?"

संदर्भाचा कोपरा कोरा होता. मलाही आठवेना.