कोएक्ससमोरचे जेवण

नारपोलीतल्या आमच्या घरी परदेशी निघणाऱ्याचे सामान दोनदा भरले जाते. आधी कपड्यांचे, मग खाण्याचे. आणि विमानाच्या वजनाचा प्रश्न आलाच तर कमी होतात ते कपडे. ऑगस्ट २०२४ मध्ये पुतण्याबरोबर सोलला जायचे ठरले, तेव्हा माझे दोन सदरे असेच मागे राहिले आणि त्यांच्या जागी खाखऱ्याचे डबे आले. चातुर्मास असल्यामुळे खाखऱ्याचा काळ १५ दिवसांचा, म्हणून त्या प्रत्येक डब्यावर सूनबाईंनी तारीख लिहिली होती. बँकेत छत्तीस वर्षे मुदतीच्या पावत्या हाताळलेल्या माणसाला ती व्यवस्था फार आवडली.

प्रवासाचे कारण धंद्याचे होते. दरवर्षी ऑगस्टच्या सुमारास सोलमधल्या कोएक्स या प्रदर्शन-केंद्रात ‘प्रिव्ह्यू इन सोल’ हे वस्त्रोद्योगाचे मोठे प्रदर्शन भरते. पुतण्याचे नारपोलीत यंत्रमाग आहेत. परंतु नुसत्या मागांवर आता भागत नाही, म्हणून पॉलिस्टरच्या तयार कापडाचा व्यापार तो वाढवू पाहत होता. तिथल्या एका पुरवठादाराशी वर्षभर पत्रव्यवहार चालला होता. लेटर ऑफ क्रेडिटच्या अटी डोळ्यांखालून घालायला कोणी घरचे असावे, म्हणून काकांना बरोबर घेतले. पुतण्या व्रताचा पक्का आहे. कंदमूळ त्याने कधीच सोडले, रात्री चौविहार, आणि चातुर्मासात पालेभाजीही नाही. माझे म्हणाल तर बदलीच्या गावांनी मला पुष्कळ सैल केले. मांस, मासे, अंडे यांना कधी शिवलो नाही. कांद्याच्या बाबतीत मात्र मी फार बोलू नये हे बरे.

कोएक्स हे सोलच्या गांगनाम भागात सामसोंग स्थानकाला लागून आहे. १९७९ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८८ मध्ये वाढवलेल्या या केंद्रातच नोव्हेंबर २०१० मध्ये जी-२० राष्ट्रप्रमुखांची परिषद झाली होती. सभागृहांच्या खाली जमिनीच्या पोटात एक अवाढव्य बाजार आहे आणि त्यात खाण्याची दुकाने इतकी, की भुकेल्या माणसाने वाट चुकावी. आम्ही पहिल्या दिवशी चुकलोच. प्रत्येक दुकानाच्या दारात पदार्थांची रंगीत चित्रे असतात, किंवा मेणासारखे हुबेहूब नमुने मांडलेले असतात. चित्र पाहून वाटते, हे चालेल. भात आहे, भाजी आहे, वर तीळ आहेत. आणि इथेच फसगत होते.

ताळेबंद वाचताना आकड्यांच्या आधी खालच्या टीपा वाचाव्यात, असे आमच्या पहिल्या मॅनेजरांनी शिकवले होते. खरी देणी तिथे लपलेली असतात. कोरियन जेवणाचे तसेच आहे. सोयाबीन आंबवून केलेल्या दोएनजांगचे सार वरून निव्वळ शाकाहारी दिसते, पण त्याचे पाणी बहुधा वाळवलेल्या लहान मासळीला उकळून काढलेले असते. किमची म्हणजे मिठात मुरवलेली कोबीसारखी भाजी. तिच्यात मिरचीबरोबर लसूण असतोच, शिवाय खारवलेल्या कोळंबीचा किंवा मासळीचा रस. भातावर भाज्या मांडून देतात तो बिबिम्बाप आपल्याला सर्वांत जवळचा; त्यातले अंडे आणि खिमा सांगून काढून टाकता येतात, पण भाज्याच लसणात परतलेल्या असतात. त्या बाजारात २०२२ मध्ये पुलमुवॉन या टोफू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने ‘प्लँट्यूड’ नावाचे संपूर्ण वनस्पतिजन्य जेवणाचे दुकान काढले. ज्यांना केवळ मांसाहार नको त्यांना ते सोयीचे. वीगन म्हणजे लसूण-कांदा वर्ज्य नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

एक सोय सांगून ठेवतो. तिथल्या कोणत्याही लहान किराणा दुकानात ‘हेतबान’ नावाचा शिजवलेल्या साध्या भाताचा बंद डबा मिळतो, आणि तो दीड-दोन मिनिटांत तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो. त्यावर घरून नेलेले तूप, मेतकूट. शेजारीच भाजलेली रताळी ठेवलेली असतात. त्यांचा वास पुतण्याच्या कसोटीचा आणि काकांच्या मोहाचा होता. काकांनी पुतण्यादेखत रताळे खाल्ले नाही, इतकेच नोंदवतो.

पहिला दिवस असा खाखऱ्यावर आणि भातावर निभावला. खरा पेच संध्याकाळी उभा राहिला. पुरवठादाराने दुसऱ्या दिवशी रात्री साडेसातला जेवायला बोलावले, जवळच्याच गल्लीतल्या एका दुकानात, जिथे मेजावरच्या शेगडीवर मांस भाजून खातात. सोलला त्या दिवसांत सूर्यास्त सव्वासातच्या आसपास. म्हणजे आमंत्रणाची वेळच चौविहाराच्या पलीकडची, आणि जागा तर बसण्याचीही नव्हे. तिथे व्यवहाराची शेवटची गाठ जेवणाच्या मेजावर पडते. ‘जेवलात का?’ हीच जिथे खुशाली विचारण्याची रीत, तिथे जेवणाला नाही म्हणणे म्हणजे माणसालाच नाही म्हणण्यासारखे. पुतण्या खोलीत बराच वेळ गप्प बसून होता. मग म्हणाला, “काका, तुम्ही जा. मी आजारी आहे म्हणून सांगा.”

मी म्हटले, “पहिल्याच सौद्यात खोटे सांगायचे? आणि वर्षभर पुढे काय, दर वेळी आजारी पडणार?”

आम्ही निघताना एक कार्ड छापून आणले होते. त्यावर कोरियन लिपीत चौदा पदार्थांची यादी होती, आम्ही खात नाही त्यांची. पहिल्या दिवशी ते तीन दुकानांत दाखवले. तिन्ही ठिकाणी वाढणाऱ्या बाईंनी ते मन लावून वाचले, कमरेत वाकून क्षमा मागितली आणि कार्ड दोन्ही हातांनी परत केले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनातल्या आमच्या दुभाषी मुलीला मी ते दाखवले आणि रात्रीच्या आमंत्रणाची अडचण सांगितली. तिने यादी वाचली, थोडी हसली आणि कार्डाच्या माथ्यावर पेनाने एकच शब्द लिहिला. “हा आधी दाखवा,” ती म्हणाली. “ओशिन्छे.”

ओशिन्छे म्हणजे पाच उग्र भाज्या. कोरियन बौद्ध भिक्षू त्या खात नाहीत आणि मंदिराच्या स्वयंपाकघरात त्या येत नाहीत. लसूण, पातीचा कांदा, बुछू ही लसणाच्या पातीसारखी पात, दाल्ले हा रानलसूण, आणि पाचवे हुंगो. हे हुंगो काय, म्हणून मी विचारले. तिने मोबाइलवर शोधून चित्र दाखवले, आणि पुतण्याने काही न बोलता पिशवीतून आपली डबी काढून मेजावर ठेवली. हिंग! आपण ज्या हिंगाने लसणाची उणीव भरून काढतो, तो त्यांच्याकडे लसणाच्याच रांगेत बसलेला. कोरियात हिंग पिकत नाही, म्हणून आजच्या याद्यांत त्याच्या जागी बहुधा साधा कांदा लिहितात. कारणेही निराळी आहेत. त्यांचे म्हणणे, या भाज्या शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते आणि कच्च्या खाल्ल्या तर क्रोध. आपल्याकडे तामस गुणाची गोष्ट आहेच, पण मुळाशी आहे ती कंदातल्या अनंत जीवांची हिंसा. त्यामुळे त्यांना मुळा, बटाटा, कमळाचा कंद सारे चालते. यादीतली बाकीची नावे म्हणूनच खोडायची नव्हती. ती शब्दाच्या खाली राहिली.

मग तिनेच फोन करून पुरवठादाराला सुचवले, की पाहुणे ओशिन्छे न खाणारे आहेत आणि सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत, तेव्हा रात्रीऐवजी दुपारी समोरच जेवू. समोर म्हणजे बोंगउन्सा मंदिरात.

कोएक्सच्या उत्तरेच्या दाराने बाहेर पडून रस्ता ओलांडला की बोंगउन्सा. मंदिराची स्थापना इ. स. ७९४ ची. काचेच्या मनोऱ्यांच्या कुशीत लाकडी छपरे, आणि मागे मैत्रेय बुद्धाची २३ मीटर उंच उभी मूर्ती. आवारात ग्रंथांचे लाकडी ठसे जपणारी एक जुनी इमारत आहे. तिच्यावरच्या फलकाची अक्षरे किम जोंग-हुई या थोर सुलेखनकाराने १८५६ मध्ये, मृत्यूच्या तीनच दिवस आधी, लिहिली. ठेंगणी, साधी, लहान मुलाच्या हातची वाटावीत अशी अक्षरे आहेत. मी त्यांच्यापुढे बराच वेळ उभा होतो. जेवणाची घाई नसती तर आणखी थांबलो असतो.

मंदिराच्या भोजनशाळेत बडेजाव नाही. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या भोजनशाळेत पाऊल टाकावे तसेच वाटले; तीच लांब मेजे, तीच भांड्यांची खणखण, तोच गरम भाताचा वास. पुरवठादार साठीचे गृहस्थ, कोट काढून आमच्यासमोर बसले. पुतण्याने कार्ड दाखवून एकेक वस्तू विचारून घेतली. भात, टोफू, कोवळ्या भोपळ्याची भाजी, काकडी, वरून तिळाचे तेल, एवढे त्याने घेतले. मुळ्याची किमची, हिरव्या पाल्याची भाजी आणि समुद्री शेवाळाचे सार नाकारले. मोड आलेल्या सोयाबीनविषयी आपल्यातच दोन मते आहेत. त्याने ते घेतले नाही, मी घेतले. आंबवलेल्या मसाल्यांपैकी काहीच त्याने वाटीत येऊ दिले नाही. मी मात्र सारे खाल्ले, आणि प्रांजळपणे सांगतो, लसणाच्या आधाराशिवाय भाजीला अशी चव असू शकते हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले.

जेवण संपल्यावर पुतण्याने आपल्या रोजच्या सवयीने वाटीत थोडे पाणी घेतले, बोटाने वाटी धुतली आणि ते पाणी पिऊन टाकले. मला क्षणभर संकोच वाटला. घरी, उपाश्रयात ठीक. इथे परक्या व्यापाऱ्यासमोर? त्या गृहस्थांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. दुभाषी मुलीकडे वळून ते कोरियनमध्ये बरेच काही बोलले, आणि ती आम्हांला सांगताना अडखळू लागली, कारण तिलाही त्यातले निम्मे नवे होते.

त्यांचे म्हणणे असे. भिक्षूंच्या जेवणाच्या विधीला बालू गोंग्यांग म्हणतात. प्रत्येकाकडे एकात एक बसणारी चार लाकडी पात्रे असतात. लागेल तेवढेच घ्यायचे, कण टाकायचा नाही, बोलायचे नाही. शेवटी किमचीच्या किंवा मुळ्याच्या फोडीने पात्र पुसून, पाण्याने धुऊन ते पाणी प्यायचे. मग स्वच्छ पाण्याची शेवटची खळगी भुकेल्या पिशाच्चांसाठी एका भांड्यात ओततात. त्यांचा गळा सुईएवढा, म्हणून त्या पाण्यात अन्नाचा एक कणही राहिलेला चालत नाही. त्यांची आई त्यांना लहानपणी मंदिरात नेत असे, तेव्हा त्यांनी हे पाहिले होते. घरात आता असे कोणी करत नाही, म्हणाले. ‘बालू’तले पहिले अक्षर चीनमार्गे आलेला आपला संस्कृत ‘पात्र’ शब्दच आहे, हे मी नंतर वाचले. आपल्या साधू-साध्वींची लाकडी पातरी डोळ्यांसमोर आणून पाहा.

सौद्याचे बोलणे त्या मेजावर झालेच नाही. ते दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात झाले, दरही त्यांनी फारसा सोडला नाही, आणि लेटर ऑफ क्रेडिटच्या एका अटीवर मी त्यांच्याशी तासभर भांडलो. व्यापार व्यापाराच्या जागी.

परतण्याआधी एक दुपार मोकळी होती. ज्यांना सवड आणि थोडा अधिक खर्च परवडतो, त्यांनी हान नदीपलीकडे जोग्येसा मंदिरासमोरच्या ‘बालू गोंग्यांग’ या भोजनगृहात आधी नाव नोंदवून जावे. बौद्धांच्या जोग्ये पंथाचेच ते आहे, आणि २०१७ मध्ये त्याला मिशेलिनचा एक तारा मिळाला होता. पदार्थ एकामागून एक येतात, म्हणून कोणता कंदाचा ते आधीच विचारून घ्यावे. आमच्याकडे कमळकंदाचा पदार्थ आला तो काकांच्या ताटात गेला.

ते कार्ड आता पुतण्याच्या पाकिटात असते. ओळखीचे कोणी कोरियाला निघाले की त्याची नक्कल मागायला येतात, आणि सूनबाई ती खाखऱ्याच्या डब्यासोबत देतात. पुरवठादार या हिवाळ्यात माल पाहायला भिवंडीला येणार आहेत. जेवायला घरीच बोलावले आहे, दिवस मावळायच्या आत. ते काही भिक्षू नव्हेत. तरी वरणाला हिंगाची फोडणी द्यायची की नाही, हे दुभाषी मुलीला विचारून घ्यायचे राहिले आहे.