शिट्टीवाचून

साहित्याच्या अभ्यासकाने अमेरिकन फुटबॉलविषयी लिहावे, हे काहीसे विचित्र वाटेल. धडकाधडकीच्या या खेळाशी आपला संबंध तरी काय? पण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या सेंट जॉन्स या छोट्या महाविद्यालयाने २००३ साली मिळवलेले अजिंक्यपद मला खेळापेक्षा अध्यापनाच्या संदर्भात अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

बेनेडिक्टाइन साधूंनी १८५७ मध्ये स्थापन केलेली ही संस्था महाविद्यालयीन स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळते. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. प्रशिक्षक जॉन गलार्डी तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांची सारी पद्धत नकारांची : सरावात शिट्टी नाही, एकमेकांना खाली पाडणे नाही, व्यायामशाळेची सक्ती नाही, आणि 'कोच' ही हाकही नाही. मुले त्यांना नुसते 'जॉन' म्हणत.

८ नोव्हेंबरला त्यांनी ४०९ वा विजय मिळवून एडी रॉबिन्सन यांचा विक्रम मागे टाकला. २० डिसेंबरच्या अंतिम सामन्यात समोर होता सलग ५५ सामने जिंकलेला माउंट युनियनचा संघ. सेंट जॉन्सने तो २४–६ असा हरवला. हंगामातील चौदाही सामने त्यांनी जिंकले होते.

या नकारांचे मूळ १९४३ मध्ये आहे. शाळेच्या संघाचे प्रशिक्षक युद्धावर गेले आणि सोळा वर्षांच्या गलार्डींवर, म्हणजे एका खेळाडूवरच, संघ सोपवला गेला. खेळाडू म्हणून जे जाचक वाटले होते, ते त्यांनी वगळले. तेव्हा दरारा निर्माण करण्याजोगे वय नव्हते, पदही नव्हते. पुढे दोन्ही आले, तरी पद्धत बदलली नाही.

मला थबकायला होते ते इथे. आपणही विद्यार्थ्यांहून चार-पाच वर्षांनी मोठे असताना शिकवू लागतो. मग 'सर' हा शब्द नावाला प्रत्ययासारखा चिकटतो आणि हळूहळू त्याच्याच आधाराने वर्ग चालू लागतो. विद्यार्थ्यांनी आपल्याला एकेरी हाक मारावी, असे माझे म्हणणे नाही. आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचनाला मायाही असते. प्रश्न एवढाच, की तो प्रत्यय गळून पडला तर वर्गात आपले काय उरेल?

गलार्डी २०१२ मध्ये ४८९ विजयांनिशी निवृत्त झाले, २०१८ मध्ये वारले. अखेरपर्यंत ते खेळाडूंचे 'जॉन'च होते.